नऊ खटके

रामगोंडा मगदूमला फोटो काढायला शिकवायचं ठरल्यावर बादशहा मुलाणीनं पहिलं काम काय केलं, तर कॅमेऱ्याची तोंडं बंद केली. मागच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी, वरच्या आकड्यांच्या चौकोनावर दुसरी. वायरमन लोक वापरतात ती. डोळा लावून आत बघितलं की खाली जे हिरवे आकडे दिसायला हवेत, ते त्या जुन्या कॅमेऱ्यात कधीच मेले होते. म्हणजे काढलेला फोटो दिसणार नाही, उजेड किती घेतलाय ते कळणार नाही, काहीच कळणार नाही. असा आंधळा कॅमेरा हातात देऊन बादशहा म्हणाला, "घ्या. शिका आता."

शिकणारा बावन्न वर्षांचा होता. कुपवाडच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथवर उभं राहून त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा वर आल्या होत्या. बादशहाची आणि त्याची ओळखही लेथमुळेच झालेली. बादशहाच्या तिकाटण्याचा एक जुना स्क्रू मोडला आणि तो कुठं मिळेना, तेव्हा रामगोंडानं तो जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातून दिला होता, आटा न आटा जुळवून. त्या स्क्रूच्या ओळखीवर तो बादशहाच्या स्टुडिओत गेला आणि म्हणाला, "आवं मुलाणी, मला फोटो काढायला शिकवा. पाच म्हयनं हायती."

"मी येतो की काढायला. काय कार्य हाय?"

"न्हाई. माज्या हातानं काढायचाय."

कार्य असं होतं की रामगोंडाची एकुलती एक पोरगी ब्राह्मी दीक्षा घेणार होती. चोवीस वर्षांची, एम. कॉम. झालेली, दाट केसांची, हसली की वरची हिरडी दिसायची. पर्युषणात तिनं घरात सांगितलं आणि माघातला मुहूर्त निघाला. दीक्षा म्हणजे घर सुटलं, नाव सुटलं, डोक्यावरचे केस हातानं उपटून काढायचे आणि पांढरी साडी नेसून आर्यिकांच्या, म्हणजे जैन साध्वींच्या, संघाबरोबर पायी निघायचं. आई-बापांनी पुढं कधी भेटायचं तर हात जोडून, लांबून, इतर चार श्रावकांसारखं.

बायको गुणमाला त्या दिवसापासून पोरीशी बोलायची बंद झाली. ती रडली नाही, भांडली नाही, उपाससुद्धा धरला नाही. ताट वाढायची, पुढ्यात सरकवायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. घरात तीन माणसं आणि आवाज फक्त भांड्यांचा.

रामगोंडा तसा धार्मिक. त्याला पोरीचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी मुहूर्त टळावा असंही वाटत होतं. हे दोन्ही एकदम कसं होतं ते त्याला कुणाला सांगता येईना. त्यात बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिराच्या, समितीची माणसं आली. दीक्षाविधीत मुलीला हाताला धरून गुरूपुढं नेणारे मानाचे आई-बाप वेगळे असतात, तसा रिवाजच आहे. सांगलीतलं एक व्यापारी जोडपं ठरलं होतं. समितीचा माणूस रामगोंडाला फार प्रेमानं म्हणाला, "तुमी काय काळजीच करू नका. तुमाला पुढच्या रांगंत खुर्ची हाय."

खुर्ची! चोवीस वर्षं बाप असलेल्या माणसाला खुर्ची मिळाली. त्या वेळी रामगोंडा "व्हय व्हय" म्हणाला, पाहुण्यांना चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर बादशहाच्या दारात जाऊन उभा राहिला. पोरीचा घर सोडतानाचा फोटो बापानं आपल्या हातानं काढायचा, एवढं एकच काम त्यानं स्वतःसाठी शोधून काढलं होतं.

बादशहा मुलाणी मूळचा लोणंदचा. चाळीस वर्षं फोटो काढून त्याला माणसांचा कंटाळा आला होता आणि शिकाऊ माणसांचा तर तिटकाराच. त्याची शिकवण अशी : कॅमेऱ्याच्या पाठीवर अंगठ्याखाली एक चकती असते. ती फिरवली की आतला पडदा किती वेळ उघडा राहणार ते ठरतं. चकती खटक्याखटक्यानं फिरते. तीन खटके म्हणजे उजेड निम्मा, नाहीतर दुप्पट. झाडाखालनं उघड्यावर आलं की सहा, मंडपातनं उन्हात आलं की नऊ. "आकडं वाचणाऱ्याचा हात शिकत न्हाई," बादशहा म्हणायचा. "यंत्र तुमाला गंडवतंय. पांढरी साडी दिसली की यंत्राला वाटतं लय उजेड हाय, आन् मग ते माणूस काळं करतंय. तवा यंत्राचं ऐकायचं न्हाई. अंगठ्याचं ऐकायचं. नऊ जा, नऊ ये."

हे ऐकून रामगोंडा खूश झाला. अंगठ्याचं काम त्याला कळत होतं. लेथच्या चाकाची एक रेघ पुढं गेली की लोखंड किती सोलतं हे त्याला न बघता सांगता यायचं. त्याला वाटलं, पंधरा दिवसांत येईल.

पंधरा दिवसांत काही आलं नाही. पाळी सुटताना तो कंपनीच्या फाटकाशी उभा राहायचा. शेडच्या सावलीतनं गाड्या बाहेर उन्हात यायच्या, आणि एकाच माणसाचा एक फोटो सावलीत आणि एक उन्हात असे काढायचे, मध्ये नऊ खटके मोजायचे. उन्हात जाताना डावीकडं, सावलीत येताना उजवीकडं. दुचाकीवरची पोरं ओरडायची, "मगदूम मामा, व्हाट्सॅपला टाका!" कधी आठ व्हायचे, कधी अकरा. कधी मोजण्याच्या नादात माणूस निघून जायचा आणि फोटोत नुसतं फाटक यायचं.

रविवारी निकाल लागायचा. बादशहा कार्ड काढून दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायचा आणि पासपोर्ट फोटोला आलेल्या गिऱ्हाइकांनाही हाताला धरून आत बोलवायचा. "या, या. फाटकापुढची मगदूमांची म्हस बगा. ही म्हस हाय का ढग हाय?" गिऱ्हाईक हसायचं. एकदा कॉलेजच्या दोन पोरी हसता हसता खाली बसल्या. रामगोंडा पण हसायचा, दात दाखवून, कारण रागवायला त्याला परवडणार नव्हतं. हसून झालं की बादशहा सगळे फोटो पुसून टाकायचा. एकही ठेवायचा नाही. मग टेबलावरची स्टीलची पट्टी घ्यायचा आणि रामगोंडाच्या अंगठ्यावर एक द्यायचा. जोरात नाही, पण बावन्न वर्षांच्या माणसाच्या अंगठ्यावर पट्टी मारायला जोर कशाला लागतो?

"लागली का?" बादशहा विचारायचा.

"न्हाई."

"लागंल तवा यील."

तिसऱ्या महिन्यात ते आलं. बसमध्ये बसल्या बसल्या त्याचा अंगठा तर्जनीच्या कडेवर डावीकडं नऊ, उजवीकडं नऊ असा चालायचा. जेवताना ताटाच्या काठावर चालायचा. गुणमाला बघायची आणि भाकरी वाढायची. ब्राह्मी मात्र एकदा म्हणाली, "पप्पा, माळ जपताय व्हय?" आणि वरची हिरडी दाखवून हसली. त्याला वाटलं हाच फोटो काढायला हवा होता. पण कॅमेरा स्टुडिओत होता. पाळीला जाताना न्यायचा आणि संध्याकाळी परत ठेवायचा, बादशहा तो घरी न्यायला देत नव्हता.

माघ उजाडला तेव्हा एका रविवारी बादशहानं वीस फोटो एकापाठोपाठ एक बघितले. गिऱ्हाईक बोलावलं नाही. सावलीतला माणूस आणि उन्हातला माणूस, दोघांची कातडी एकाच रंगाची आली होती. पांढरे शर्ट पांढरे होते आणि त्यावरच्या सुरकुत्या मोजता येत होत्या. मग त्यानं तेही वीस फोटो पुसले आणि म्हणाला, "बरं हाय."

त्या दोन शब्दांनी रामगोंडाचे डोळे भरून आले. मारणाऱ्या हातातनं मिळालेल्या कौतुकाला माणूस कसा भुलतो, ते बघायचं असेल तर तेव्हा त्याच्याकडं बघायला हवं होतं.

दीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बादशहा स्वतः मंडपात आला. खांद्याला त्याचा चांगला कॅमेरा होता, ज्याला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. दुसऱ्या कंपनीचा, जड. मंडपात उभं राहून त्यानं उजेड बघितला, चकत्या फिरवल्या, सगळं बसवलं. मग खिशातनं काळी चिकटपट्टी काढली आणि या कॅमेऱ्याच्याही मागं आणि वर नीट दाबून बसवली.

"ह्यो घेऊन जावा उद्या. मंडपातलं मी लावलंय. सकाळी दारात उनात नऊ जा, हितं आलासा की नऊ ये. बाकी कशाला हात लावायचा न्हाई. आन् पट्टी काढायची न्हाई. काढलीसा तर पाच म्हयनं मी गाढवाला शिकीवलं असं समजंन."

रामगोंडानं त्याचे पाय धरायचं तेवढं बाकी ठेवलं. एवढा मोठा कॅमेरा माझ्या हातात दिला, हे तो घरी जाऊन भिंतीकडं तोंड केलेल्या बायकोला सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मगदूमांच्या बोळाच्या तोंडाशी रथ उभा होता. ब्राह्मीला नवरीसारखं सजवलं होतं. शालू, दागिने, हातभर मेंदी. मंडपात गेल्यावर हे सगळं एकेक करून उतरवायचं होतं. बँड इतका जोरात वाजत होता की शेजाऱ्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. घराचं दार पूर्वेला, ऊन सरळ उंबऱ्यावर आलेलं. रामगोंडानं चष्मा काढून खिशात ठेवला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि अंगठ्यानं डावीकडं नऊ खटके मोजले. एक, दोन, तीन. शांतपणे, बादशहा शेजारी उभा असल्यासारखे.

या कॅमेऱ्यात आतले हिरवे आकडे जिवंत होते. चष्म्याशिवाय ते त्याला नुसते हिरवे डाग दिसले. त्यानं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही, कारण यंत्राचं ऐकायचं नाही.

त्याच्या भावाचा मुलगा पारस, पुण्यात नोकरी करणारा, तीस वर्षांचा, मोबाइल वर धरून दारापाशी आला. "काका, मी पण काढतो की एक."

"ठेव त्यो," रामगोंडा खेकसला. "आन् समदी मागं सरा. बोळाच्या भायेर व्हा. मी काढतोय." बापाचा दिवस आहे म्हणून कुणी वाद घातला नाही. पारसनं मोबाइल खिशात घातला आणि सगळ्यांना घेऊन रथाकडं गेला. दारात तिघंच उरली.

ब्राह्मी उंबरा ओलांडून पायरीवर आली. मागं गुणमाला होती. सकाळी तिनंच वेणी घातली होती, न बोलता, शेवटची. ब्राह्मीनं दुसऱ्या पायरीवर पाऊल टाकलं आणि गुणमालानं एकदम हात पुढं करून ती वेणी धरली आणि ओढली. लहानपणी पोरगी न विचारता खेळायला पळायची तेव्हा ती अशीच वेणी धरून मागं ओढायची. पाच महिन्यांत तिनं पोरीला पहिल्यांदा अडवलं होतं. ब्राह्मी मान मागं वळवून आईकडं बघायला लागली.

आणि रामगोंडानं खटका दाबला. एक, दोन, पाच, सात. आवाज नेहमीसारखा आला नाही. जुना कॅमेरा उन्हात टिच् करायचा, हा ठक्... ठक् असा लांबला. बँडच्या गोंगाटातसुद्धा ते त्याच्या कानाला लागलं, कारण एकतीस वर्षं त्याचा कान यंत्राला लागलेला होता. बेअरिंग जायच्या आधी चार दिवस तो सांगायचा. त्याचं नख चिकटपट्टीच्या कडेखाली गेलंसुद्धा. मग त्याला गाढव आठवलं. मोठ्या कॅमेऱ्याचा आवाज असाच असेल असं म्हणून त्यानं नख काढून घेतलं आणि आणखी फोटो काढले.

गुणमालानं वेणी सोडली. ब्राह्मी निघाली. रामगोंडा बायकोजवळ गेला आणि म्हणाला, "आला. लय भारी आलाय. तुजा हात, येणी, समदं."

पाच महिन्यांत गुणमाला त्याच्याशी पहिल्यांदा नीट बोलली. "मोठा करून आणा," ती म्हणाली. "देवाऱ्याच्या बाजूला लावू या."

मिरवणुकीतही तो तसेच फोटो काढत राहिला. मंडपात आल्यावर त्यानं उजवीकडं नऊ खटके मोजले. पुढच्या रांगेतली आपली खुर्ची सोडून तो सगळ्यात पुढं गुडघ्यावर बसला आणि एक क्षण सुटू दिला नाही. दागिने उतरले, पांढरी साडी आली, केस मुठीमुठीनं निघाले. मानाच्या आई-बापांनी तिला दोन्ही हातांना धरून गुरूपुढं नेलं. रामगोंडाच्या पाठीमागं गुणमाला पुन्हा तोंड फिरवून बसली होती. पण त्याला ते दिसलं नाही, त्याचा डोळा कॅमेऱ्यात होता.

दोन दिवसांनी बादशहानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पहिला फोटो पांढरा आला. दुसरा पांढरा. तिसरा. दाराच्या आतला अंधार होता तिथं एक राखाडी डाग, एवढंच. रामगोंडाला वाटलं कॉम्प्युटर अडकलाय. बादशहानं एकदम हात थांबवला आणि टेबलावरचा आपला चांगला कॅमेरा उचलून चकतीवर अंगठा ठेवला.

"आईला," तो म्हणाला. "ह्याची चकती उलटी हाय गड्या. उजेड उतरवायला त्या कंपनीची डावीकडं, हिची उजवीकडं. सांगायचं ऱ्हायलं."

त्याच्या स्वतःच्या अंगठ्याला दोन्हीकडचं येत होतं. चाळीस वर्षांत एकदाही त्याला त्याचा विचार करावा लागला नव्हता, आणि दुसऱ्याच्या अंगठ्याला एकच बाजू शिकवलीय हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. नऊ खटके उजेड निम्म्यानिम्म्यानं उतरायच्या ऐवजी दुपटीदुपटीनं चढला होता. मंडपात रामगोंडा नऊ परत आला तेव्हा कॅमेरा आपोआप बरोबर जागेवर आला.

म्हणून मंडपातले फोटो सुरेख आले होते. बादशहा ते एकेक बघत गेला आणि त्याचा आवाज बदलला. पांढरी साडी पांढरी होती, तिची घडी न् घडी दिसत होती. मुठीत धरलेले केस सुटे सुटे मोजता येत होते. मानाच्या आईच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा चमकत होतं. "आतलं एक नंबर आल्यात," बादशहा म्हणाला. "माजंबी असं आलं नसतं. खरंच सांगतो." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं रामगोंडाचा एकही फोटो पुसला नाही. पांढरेसुद्धा नाहीत.

रामगोंडा शिव्या देईल असं बादशहाला वाटलं असेल. तो नुसता आपल्या अंगठ्याकडं बघत बसला. लेथवर उलट्या आट्याचे जॉब महिन्यातनं दोनदा तरी यायचे. गॅसच्या नळीचा आटा उलटा, दळणाच्या चक्कीचा उलटा. अनोळखी यंत्राला हात लावायच्या आधी चाक अर्धी रेघ फिरवून बघायचं, हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा. न बघता फिरवलं म्हणून एका पोराला त्यानं सगळ्यांदेखत झापलं होतं.

समितीला मंडपातले फोटो फार आवडले. मानाच्या आई-बापांनी ब्राह्मीला धरलंय तो फोटो त्यांनी दहा फूट मोठा करून बस्तीबाहेर लावला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं : छाया, रामगोंडा मगदूम. कुपवाडातल्या पोरांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढून त्यालाच पाठवला.

तीन आठवड्यांनी संघ लोणंदला मुक्कामी आहे असं कळलं. रामगोंडा एकटाच गेला. डोक्यावरनं पांढरा पदर घेतलेल्या पोरीपुढं चार हातांवर बसून त्यानं "वंदामि" म्हटलं. तिचं नाव आता संवरमती होतं. पुढं काय बोलायचं ते त्यानं बसमध्ये पाठ केलं होतं. "माताजी, त्या दिशी दारात... आईनं येणी वडली तवा... तुमी वळून बगितलं. तवा तुमी हसला का रडला? मला तेवढंच इचारायचं हुतं."

तिनं मोरपिसांची पिंछी वर करून आशीर्वाद दिला. "त्या घरचं आता आठवायचं नसतं, श्रावकजी," ती म्हणाली. आवाज तोच होता. पाठीमागं बसलेल्या बाईनं रामगोंडाला हळूच खूण केली की आता दुसऱ्यांना पुढं येऊ द्या.

गुणमालाला त्यानं तोपर्यंत थापा मारल्या होत्या. मशीन बिघडलंय, कागद संपलाय. लोणंदहून आल्यावर त्यानं वेणीचा तो फोटो खरंच मोठा करून आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. पांढरा कागद आणि त्यावर राखाडी डाग. गुणमालानं पदरानं तो एकदा पुसला. मग उजेडाकडं धरून बघितला. मग पुन्हा पुसला, या वेळी जोरानं, आणि नंतर हात थांबवला.

रामगोंडानं सगळं सांगितलं. चकती, खटके, उलटी बाजू. ती मान हलवत ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "मला कायबी आठवत न्हाई गं. मी आत खटकं मोजत हुतो, आवाज ऐकत हुतो. तिचं त्वांड मी बगितलंच न्हाई. तू तर समोर हुतीस. हसत हुती का रडत हुती?"

"मी बगितलं," गुणमाला म्हणाली.

"मग सांग की."

"तुमीबी तितंच हुता की. समद्यास्नी हाकललंसा." तिनं कागदाची सुरळी केली आणि देवाऱ्याच्या फळीखाली ठेवून दिली. "मी न्हाई सांगायची."

त्याला वाटलं राग आहे, जाईल. वर्ष होत आलं. अजून तो आठ-पंधरा दिवसांनी विचारतो, जेवताना, खाली मान घालून, ताटाच्या काठावर अंगठा फिरवत. हसत हुती का रडत हुती? गुणमाला त्याच्या अंगठ्याकडं बघते आणि म्हणते, "मोजा. नऊ झालं की कळंल." आणि दुसरी भाकरी थापायला घेते.